इंदूरच्या मराठी घरांतून हिंदीत गेलेले कलावंत: त्यांची वाट नेमकी कशी होती?

लोकमान्यनगरची

नमस्कार मंडळी. खूप वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल.

माझी मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या नाटकांत काम करते, लिहितेही. लिहिते ती हिंदीत. घरात सासूबाईंपासून सगळे मराठी बोलतो. गणपती-गौरी, चैत्रातलं हळदीकुंकू, इथल्या 'सानंद' संस्थेची नाटकं, काही चुकत नाही. पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, त्यामुळे हातात पेन घेतलं की हिंदीच उमटते.

गेल्या आठवड्यात रात्री अकराला ती स्वयंपाकघरात आली. मी दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवत होते. म्हणाली, "आई, ओसरीला हिंदीत काय म्हणायचं?" मी म्हटलं, बरामदा म्हण. ती दाराशी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बरामद्यात आजी बसत नाही ना. ती ओसरीवरच बसते." दुसऱ्या दिवशी तिने वही दाखवली. सगळी कविता हिंदी आणि मध्ये 'ओसरी' तसाच. त्या जागी तीनदा खोडलेलं होतं. 'बरामदा' लिहून खोडला, 'दालान' लिहून खोडला, 'आँगन'ही खोडला, आणि शेवटी ओसरी.

आता तिने जाहीर केलंय की बीकॉम झालं की दिल्लीला एनएसडीची, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची, परीक्षा द्यायची, नाहीतर सरळ मुंबई. घरात तीन मतं आहेत. यांचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे आणि छंद म्हणून काय ते कर. सासूबाई म्हणतात, "लिहायचं तर मराठीत लिही, आपली माणसं वाचतील." मी मध्ये उभी आहे.

लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, गीतकार स्वानंद किरकिरे आमच्या इंदूरचे, हे आपण सगळे मोठ्या कौतुकाने सांगतो. पण या माणसांनी पाऊल कसं टाकलं, मधली वर्षं कशी काढली, पोट कशावर भरलं, हे कोणी बसून सांगत नाही. मला ते हवं आहे. आणि दुसरं म्हणजे, हिंदीत लिहिणारी मराठी मुलगी कुठली? तिचं मराठी वाया गेलं म्हणायचं का?

---

जुना रामबाग

ताई, वहीतल्या त्या खाडाखोडीबद्दल वाचलं आणि मला मुक्तिबोध बंधू आठवले. तुम्ही समकालीनांचं विचारलंय, पण मुळापासून सांगतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न आपल्या माळव्यात फार जुना आहे.

वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात. बदल्यांमुळे घर माळव्यात फिरत राहिलं. थोरला गजानन १९१७ साली श्योपूरला जन्मला, धाकटा शरच्चंद्र १९२१ साली इंदूरला. घरात मराठी. थोरला हिंदीत लिहू लागला, धाकटा मराठीत. एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ दोन भाषांचे मोठे कवी झाले. १९४३ साली हिंदी कवी अज्ञेयांनी 'तार सप्तक' हा नव्या हिंदी कवितांचा संग्रह काढला. त्यात सात कवी, आणि सातांतले दोन मराठी घरांतले: गजानन माधव मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवे. आधुनिक हिंदी कवितेचा पाया घातला जात होता तेव्हा त्यातल्या दोघांची आईची भाषा मराठी होती, हे आपल्या मुलांना कोणत्याही शाळेत सांगत नाहीत.

आता 'वाटे'बद्दल. गजाननरावांनी शाळामास्तरकी केली, नियतकालिकांत काम केलं, नागपूरला आकाशवाणीत नोकरी केली, आणि शेवटी १९५८ मध्ये राजनांदगावच्या कॉलेजात प्राध्यापकी मिळाली तेव्हा कुठे जरा स्वस्थता आली. सप्टेंबर १९६४ मध्ये गेले. स्वतःचा पहिला कवितासंग्रह छापून हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं. शरच्चंद्रांनी 'क्षिप्रा' ही कादंबरी लिहिली, तिच्यासह तीन कादंबऱ्यांची मालिका केली, आणि १९७९ साली त्यांच्या समीक्षेला साहित्य अकादमी मिळाली. धाकट्याने मराठीत लिहिलं, पण नाव दिलं आपल्या नदीचं. भाषा कोणतीही असो, दोघांनी मनातलं गाव सोडलं नाही.

तेव्हा वाया काही जात नाही, ताई.

---

अंधेरी पूर्व

मी इंदूरचाच, सुदामा नगरचा. बारा वर्षं मुंबईत आहे. परदेशी मालिकांचे संवाद हिंदीत बसवून देणं हे माझं रोजचं काम, आणि अधूनमधून गाणी. तुमचा पहिला प्रश्न मी घेतो, कारण मी निघालो तेव्हा मलाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

किरकिरेंची वर्षं मांडून बघा. १९९६ ला एनएसडीतून बाहेर पडले. सुधीर मिश्रांच्या 'हजारों ख्वाहिशें ऐसी'वर काम केलं आणि त्यात स्वतःच लिहिलेलं गाणं गायले. तो चित्रपट लोकांसमोर आला २००५ मध्ये. त्याच वर्षी 'परिणीता'ची गाणी आली. म्हणजे शिक्षण संपल्यापासून नाव लोकांच्या तोंडी यायला नऊ वर्षं गेली. मग मात्र पाठोपाठ घडत गेलं. २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'च्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार, २००९ च्या 'थ्री इडियट्स'ला दुसरा. लोकांना हे दोन पुरस्कार पाठ आहेत. मला ती नऊ वर्षं पाठ आहेत. पहिल्या चार वर्षांत माझ्या भाड्याच्या खोलीत मी तीच मोजत बसायचो.

आणखी एक गोष्ट बघा. त्यांनी स्वतःला एका चौकटीत बसवून घेतलं नाही. नाटक शिकले, साहाय्यक म्हणून राबले, संवाद लिहिले, गाणी लिहिली, गायले, आणि मग अभिनय. 'चुंबक' या मराठी चित्रपटात त्यांनी एका भाबड्या, मनाने लहान राहिलेल्या माणसाचं काम केलं आणि २०१८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता ठरले. हिंदी गाण्यांनी नाव झालं आणि अभिनयाचा पुरस्कार मराठीने दिला. ताई, तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा. पहिला चित्रपट हिंदी होता म्हणून मराठीचं दार बंद होत नाही.

आता पैसा. हे नीट वाचा, कारण घरात याच्यावरूनच भांडण होतं.

पूर्वी गीतकार एकरकमी पैसे घ्यायचा आणि सगळे हक्क निर्मात्याला लिहून द्यायचा. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी त्याच्या घरी पुढे काही येईलच याची हमी नव्हती. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. आता सिनेमागृहात चित्रपट दाखवण्यापलीकडे गाण्याचा जो वापर होतो, रेडिओ, टीव्ही, मोबाइल, कार्यक्रम, त्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने, वाटा आहे, आणि तो वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. करारात तसं लिहून घेतलं तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. राज्यसभेत यासाठी बोलले जावेद अख्तर, जन्म ग्वाल्हेरचा. म्हणजे आपल्याच भागातला माणूस. रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते. मुलीचं एक जरी गाणं ध्वनिमुद्रित झालं तरी तिने तिथे सभासद व्हावं. आणि पटकथा असो वा गाणं, कुणाला ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवावं. मी हे केलं नव्हतं. एका मालिकेसाठी दिलेली माझी कथा नावं बदलून पडद्यावर आली आणि माझ्याकडे एक कागद नव्हता.

माझ्या पहिल्या जिंगलचे पाच हजार रुपये मला चार महिन्यांनी मिळाले. त्या चार महिन्यांत मी डबिंगची भाषांतरं केली आणि त्यावर जगलो. डबिंगच्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला माहितेय? दोन भाषांत वाढल्याचा. ओठ मिटतात तिथे प-फ-ब-भ-म पैकी अक्षर यावं लागतं. एका भाषेत अडलं की मी मनातल्या मनात दुसरीत म्हणून बघतो आणि परत येतो. दिवसभर हेच चालतं.

---

मीरा, कोथरूड

धागा आवडला, विशेषतः मुक्तिबोधांची माहिती. पण एक मनापासून विचारते, राग मानू नका.

हिंदीत गेलेल्यांची यादी आपण मराठीच्या खात्यात जमा का करतो? त्यांच्या कामाने हिंदी श्रीमंत झाली, आनंदच आहे. पण इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यात आज मराठीत नवं लिहिणारे तिशीच्या आतले किती? साहित्य अकादमीचा पस्तिशीच्या आतल्यांसाठीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, मराठीलाही दरवर्षी मिळतो. बृहन्महाराष्ट्रातल्या मुलांनी त्या रांगेत उभं राहावं असं मला वाटतं. आजीचं म्हणणं मला बरोबर वाटतं. घरात मराठी आहे तोवरच मराठीत लिहिता येईल. पुढच्या पिढीत ती ओसरीसुद्धा राहणार नाही.

---

स्नेहलतागंज

मीराताई, राग नाही, पण मला बोलायचंच आहे.

वीस वर्षांपूर्वी आम्ही इंदूरहून मराठी एकांकिका घेऊन महाराष्ट्रातल्या एका स्पर्धेला गेलो होतो. नाव घेत नाही. दोन महिने तालीम केली होती. लिहिली होती आमच्यातल्याच एकाने. रात्रीच्या गाडीने सेटच्या पट्ट्या सीटखाली घालून नेल्या. प्रयोग चांगला झाला. नंतर परीक्षक म्हणाले, "विषय छान आहे, पण ही मराठी नाही. तुम्ही हिंदीचं भाषांतर बोलताय." माझ्या संवादात "मला ते चांगलं लागलं" असं होतं आणि "त्याने सांगून दिलं" असं होतं. आमच्या आज्या असंच बोलत. होळकरांच्या काळापासून आमची घरं माळव्यात आहेत, दोन भाषा एका अंगणात नांदल्या, त्यातून ही बोली झाली. वऱ्हाडी बोललेलं चालतं, मालवणी बोललेलं तर कौतुकाने ऐकतात. आमच्या बोलीला मात्र अशुद्ध म्हणतात.

त्या रात्री परतीच्या गाडीत ज्याने एकांकिका लिहिली होती तो म्हणाला, आता हिंदीतच लिहीन, तिथे मला कोणी आईची भाषा शिकवणार नाही. त्याने खरंच पुन्हा मराठीत लिहिलं नाही. तुम्ही विचारता, इंदूरचे मराठीत का लिहीत नाहीत. एक उत्तर हे आहे.

---

मीरा, कोथरूड

स्नेहलतागंज, हे वाचून वाईट वाटलं. 'चांगलं लागलं' हे मी स्वतः माझ्या इंदूरच्या जाऊबाईंना दोन-तीनदा सुधारून सांगितलं आहे. आज त्यांना फोन करते.

माझा प्रश्न मात्र तसाच आहे. त्या लेखकाने त्याच बोलीत हट्टाने मराठी एकांकिका लिहायला हवी होती. परीक्षक एकदा येतो आणि जातो, लिहिलेलं मागे उरतं.

---

ग्वाल्हेरचा दत्ता

आमच्या गावाचं नाव तीन-चारदा आलं, म्हणून लिहितो. १९६१ चं साहित्य संमेलन ग्वाल्हेरला झालं. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष लाभली ती महाराष्ट्राबाहेर, आमच्याकडे.

आत्ताच्या माणसांत मला शरद केळकरांचं उदाहरण सांगायचं आहे. जन्म ग्वाल्हेरचा. लहानपणी बोलताना अडखळायचे, तोतरेपणा होता, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. तोच माणूस पुढे 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासचा आवाज झाला. मराठीत 'लय भारी'चा खलनायक केला, आणि २०२० च्या 'तान्हाजी'त छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका हिंदी पडद्यावर केली. माझा धाकटा मुलगा अडखळत बोलतो. त्याला शाळेत चिडवतात. आम्ही दोघं बसून ते संवाद म्हणतो, रोज पंधरा मिनिटं, त्याची आई पोळ्या लाटत ऐकते. ताईंच्या धाग्याशी याचा थेट संबंध नसेल, पण कुणाची वाट कुणाला कुठे उपयोगी पडते सांगता येत नाही.

---

देवास टेकडी

सगळे 'गेलेल्यां'बद्दल बोलताय. मी 'आलेल्या'बद्दल लिहिते.

कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. मुंबईत नाव झालं होतं. क्षयाने गाठलं आणि कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला आले. कित्येक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळवी बायकांची गाणी, माळव्याची लोकधून पडत राहिली. त्यातून नवे राग आले, पुढे निर्गुणी भजनं आली. बरे झाले तेव्हा मुंबईला परतायला कुणी अडवलं नव्हतं. राहिले इथेच, १२ जानेवारी १९९२ पर्यंत. आज त्यांची मुलगी कलापिनीताई आणि नातू भुवनेश तिथूनच देशभर गायला जातात आणि टेकडीखालच्या 'भानुकुल' या घरी परत येतात. तुमच्या इंदूरहून तासाभराचा रस्ता आहे.

किरकिरेंचे आईवडीलही कुमारजींच्या शिष्यपरिवारातले. म्हणून मला वाटतं, त्यांची वाट एनएसडीपासून मोजायला सुरुवात करणं बरोबर नाही. ती घरातल्या तंबोऱ्यापासून मोजायला हवी. त्यांच्या गाण्यांचे शब्द ऐका, ते म्हणताना जीभ कुठे अडत नाही. गाणं ऐकत मोठं झालेल्या घराची ती सवय आहे.

ताई, मुलीला एकदा देवासला घेऊन या. टेकडी चढायची, खाली उतरून त्या घरावरून जायचं. तिकीट नाही, कार्यक्रम नाही. नुसतं बघून जा.

---

सयाजीगंज

बडोद्याहून थोडंसं. दिलीप चित्रे १९३८ साली आमच्या बडोद्यात जन्मले. वडिलांनी इथून 'अभिरुची' मासिक काढलं, त्यात त्या काळचे मोठे मराठी लेखक लिहायचे. चित्रे मराठीत कवी, इंग्रजीत कवी, चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक. १९९४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांना मराठी कवितेसाठी पुरस्कार दिला आणि तुकारामाच्या इंग्रजी अनुवादासाठीही. एकाच माणसाला, एकाच वर्षी, दोन भाषांत. मीराताईंनी खात्याचा प्रश्न काढला होता. चित्र्यांचं खातं कुठल्या भाषेत उघडायचं?

आणि इंदूरला शिकवणारे हिंदी कवी चंद्रकांत देवताले यांनी चित्र्यांच्या कविता हिंदीत नेल्या. त्यांची पीएचडी मुक्तिबोधांवर. हे धागे आपोआप एकमेकांत गुंततात.

---

लोकमान्यनगरची

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. सयाजीगंज, तो प्रश्न मी यांना जेवताना विचारला. ते काही बोलले नाहीत, पण दुसरी पोळी घेऊन थांबले, एरवी उठून जातात.

अंधेरीकर भाऊ, तुमचा पैशांचा मजकूर मी छापून काढला आहे. यांचा एक प्रश्न आहे: नोकरी सांभाळून कुणी मोठं काम केलंय का? तसं उदाहरण असेल तर घरातली अर्धी लढाई मिटेल.

---

जुना रामबाग

आहे ना. अरुण दाते. जन्म १९३४, इंदूर. वडील रामूभैया दाते, ज्यांच्या नावाने सानंदच्या प्रेक्षकांचा एक समूह आहे. त्यांच्या घरी मैफली व्हायच्या, गवई उतरायचे. अरुणरावांनी कुमारजींकडे धडे घेतले, शिक्षण मात्र कापड उद्योगाचं घेतलं. अनेक वर्षं त्या क्षेत्रात नोकरी करून गायले. 'शुक्रतारा' घरोघरी पोचलं ते नोकरीच्या काळातच, आणि मराठीत. तेव्हा जावईबापूंना सांगा, दोन्ही होतं. पण त्यात एक अट असते, घरात गाणं असावं लागतं. नोकरी करणाऱ्याला संध्याकाळी घरी आल्यावर कुणीतरी विचारणारं लागतं, आज काय नवीन म्हणून.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते बोलतो, इतके दिवस मनात आहे.

आपल्याकडे बाबा डिके होते, राहुल बारपुते होते. बारपुते 'नईदुनिया'चे संपादक, राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी यांच्यासारखे हिंदी पत्रकार त्यांच्या हाताखाली घडले. दिवसा हिंदी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी नाट्यभारतीत मराठी नाटकाची तालीम. बाबा बसवायचे. नट कोण, तर कारकून, मास्तर, डॉक्टर, त्यांच्या बायका. सामान वाहून नेणारेही तेच. मी कॉलेजात असताना विंगेत चहाचे कप धुतले आहेत. कप धुता धुता नाटक पाठ झालं. एका प्रयोगाला एक नट तापाने फणफणला आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझं एवढंच रंगभूमीचं आयुष्य, अकरा वाक्यं. पण मला ती अजून येतात.

आज मुंबई-पुण्याची उत्तम नाटकं इंदुरात येतात, पाच-पाच समूहांना दाखवली जातात, सभागृह भरतं. महाराष्ट्राबाहेर असा मराठी प्रेक्षक मी कुठे पाहिला नाही. सानंदच्या कार्यकर्त्यांना माझा नमस्कार आहे, ते घरचं खाऊन हे करतात. पण आपण बाकीचे काय करतो? आपण बघणारे झालो आहोत. वर्षभराची वर्गणी भरली, जागा ठरली, मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, घरी आलो. नाटक इथे बनत होतं ते बंद होत आलंय. आणि जिथे बनत नाही तिथली लिहिणारी मुलगी दुसरीकडे जाणारच. हिंदीत जाते ही तक्रार मला नाही. तिला इथे कप धुवायला विंग मिळत नाही, ही तक्रार आहे. मीराताई म्हणतात युवा पुरस्काराच्या रांगेत उभं राहा. त्याच्या आधीची ओळ कुठे आहे? लिहिलेलं उभं करणारी दहा माणसं आणि रिकामी खोली लागते. माझ्याकडे खोली आहे. मुलं अमेरिकेत आहेत, वरचा मजला बंद असतो.

---

स्नेहलतागंज

काका, त्या परतीच्या गाडीतल्या लेखकाला मी काल फोन केला. सोळा वर्षांनी. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो आधी गप्प होता. मग म्हणाला, वरच्या मजल्याला जिना आतून आहे का बाहेरून? बाहेरून असेल तर तालमीला बरं पडतं, घरच्यांची झोपमोड होत नाही.

---

जुना रामबाग

बाहेरून आहे. लोखंडी. पावसाळ्यात घसरतो, तेवढं बघायला हवं.

---

अंधेरी पूर्व

मी दिवाळीला येतोय, आठ दिवस. आवाजाचं आणि ध्वनिमुद्रणाचं जे येतं ते शिकवीन. ताईंच्या मुलीसाठी एक सल्ला: थेट मुंबईला येऊ नको. एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, विद्यावृत्ती मिळते, पण प्रवेशाला पदवीबरोबर नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. तो अनुभव आधी गोळा कर. भोपाळच्या मध्यप्रदेश नाट्य विद्यालयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, घरापासून जवळ. तिथून पुढे दिल्लीला गेलेली मुलं मला माहीत आहेत. आणि वहीची पानं फाडू नकोस. खोडलेलं सगळं ठेव. मी माझ्या जुन्या वह्या फेकल्या, आता एखादी ओळ आठवते आणि पुढची सापडत नाही.

---

लोकमान्यनगरची

मंडळी, काल रविवारी मुलीने ती कविता सगळ्यांसमोर वाचली. आम्ही जेवून पाटावरून उठलो नव्हतो. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं होतं हिंदी म्हणून त्या काही बोलणार नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "ओसरीला कठडा लिहिलायस तू. आमच्या धारच्या घराच्या ओसरीला कठडा नव्हता. उघडी होती. म्हणून तर मी पाचव्या वर्षी तिथून खाली पडले आणि हे बघ." त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ती खूण मी कधी पाहिली नव्हती.

मुलगी पेन घेऊन त्यांच्या शेजारी बसली. ओसरीवर काय काय होतं ते विचारत गेली. झोपाळ्याच्या कड्या, दिवा ठेवायचा कोनाडा, पायरीखाली मांजरीची पिल्लं. सासूबाई मराठीत सांगत होत्या, ती हिंदीत लिहीत होती, आणि दर दोन ओळींनी एक शब्द तसाच ठेवत होती. मी मागून पाहिलं. 'कोनाडा' तसाच आहे. 'कडी' हिंदीतही कडीच, तो मोकळा सुटला.

यांनी फॉर्मचा विषय स्वतः काढला. म्हणाले, भोपाळ म्हणजे तीन-चार तास, शनिवारी-रविवारी ये-जा होईल. दिल्लीबद्दल अजून बोललेले नाहीत, मीही विचारलं नाही.

काका, पुढच्या रविवारी आम्ही तिघी तुमच्या वरच्या मजल्यावर येतो. सासूबाईंना लोखंडी जिना चढवेल का, ते मात्र सांगा. आणि भोपाळच्या नाट्य विद्यालयाचे फॉर्म साधारण कोणत्या महिन्यात निघतात, कुणाला ठाऊक असेल तर इथेच लिहा.